मास्तरचं इंजेक्शन बंद!

आजारपणात कागद जास्त जमतात की किस्से, असं कोणी विचारलं तर मी फाईल बाजूला सारून सांगेन, किस्से! मी देऊळघाटचा रिटायर्ड पीटी मास्तर. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, रेडिएशन झालं, आणि मग दोन वर्षं दर तीन महिन्यांनी पोटात एक इंजेक्शन. हा आजार पुरुषी हार्मोनवर पोसतो म्हणे, म्हणून ते हार्मोनच बंद!

*

पहिल्याच थंडीत कट्ट्यावर शेकोटी पेटलेली. सगळे मफलर गुंडाळून, आणि मी बनियनवर, घामाघूम, पेपरने वारा घेतोय! घरी येऊन बायकोला म्हटलं, "शोभा, आतून भट्टी पेटते गं!"

तिने शांतपणे फॅन लावला. "दहा वर्षांआधी पाळी जातानी मी हेच म्हनत होती. तवा तुम्ही म्हनले, नाटकं करते!"

मी उठून फॅन पाचवर केला.

*

रडूही फार यायचं. शेजारच्या पोरीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी मी असे हुंदके दिले, की फोटोग्राफर मलाच नवरीचा बाप समजला. अल्बममध्ये बापाचे फोटो दोन, माझे अकरा!

माझा मित्र प्रल्हाद अजून विचारतो, "काऊन बे मास्तर, पोरगी सुखात हाये ना?"

*

शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता इंजेक्शन बंद. हार्मोन हळूहळू परत येतील. तीन महिन्यांनी रक्तातला पीएसए तपासू. तो वाढला नाही, म्हणजे आजार शांत आहे."

शोभाने विचारलं, "हार्मोनसंगं यांचा रागही वापस येईन का?"

"येऊ शकतो."

"मंग रागापुरतं थोडं चालू ठेवा ना!"

*

गावात बातमी पोचली, 'डॉक्टरनं औषध बंद केलं.' आमच्याकडे याचा अर्थ एकच! दुसऱ्या दिवशी जळगाव जामोदहून माझी मोठी बहीण रडतच एसटीतून उतरली.

"बापू, काय खावंसं वाटते तुले?"

म्हटलं, वांग्याची भाजी आणि भाकर. चार भाकरी हाणल्या. अक्काने तोंडाला पदर लावला.

"अवं अक्का, मी बरा झालो!" मी ओरडलो.

ती शोभाकडे वळून हळूच म्हणाली, "याले कोनी सांगतलं नाही वाटते."

*

हसलो खरा, पण ते तीन महिने फार वाईट गेले. इंजेक्शनही नाही, आता आजार वापस आला तर? त्यात शोभा एकदम गोड झाली. चहात मागेन तितकी साखर, टीव्हीचा रिमोट माझ्याच हातात, एक शब्द वाकडा नाही. त्या गोडपणानेच मला वाटायचं, आता काही आपलं खरं नाही!

रिपोर्ट मोबाईलवर आला. मला उघडवेना. शोभाने उघडला, डॉक्टरांना फोन लावून आकडा वाचून दाखवला, "हाव, हाव" म्हणाली, फोन ठेवला. डोळे पुसले. आणि सुरू झाली!

"मोरीचा नळ तीन महिन्यांपासून गळून राह्यला, दिसत नाही तुम्हाले? ओला टॉवेल पलंगावर कोन फेकते? अन् थे रद्दी कोन उचलीन, माहा बाप?"

तेवढ्यात रिपोर्ट विचारायला प्रल्हाद धापा टाकत आला. दारातच थबकला. आत शोभाचा आवाज चढलेला, मी सावधानमध्ये उभा. त्याने चपलाही काढल्या नाहीत. तसाच मागे फिरला आणि रस्त्यावरूनच कट्ट्याकडे पाहून ओरडला,

"अबे, पेढे आना रे! मास्तर बरा हाये!"