वहिनीच्या जॅकेटचं माप

ज्या गोष्टीला टेप लावली नाही तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असा माझ्या थोरल्या वहिनीचा बाणा आहे. वहिनी गुरांची डॉक्टर. म्हशीच्या छातीभोवती टेप गुंडाळायची, त्यावरून वजन काढायचं आणि मग औषध ठरवायचं, हे तिचं रोजचं काम. त्यामुळे तिच्या पर्समध्ये कंगवा नसेल, पण टेप असते. तिने आमच्या जळगावच्या घरातली सगळी दारं मोजली आहेत, पाहुण्यांनी आणलेलं टरबूज मोजलं आहे. मी मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हा चहा येईपर्यंत ही बाहेर जाऊन त्या लोकांच्या गाईचं वजन सांगून आली. माझे सासरे आलेल्या-गेलेल्याला ते अजून सांगतात. जावयाबद्दल त्यांना सांगण्यासारखं काही सापडलेलं नाही.

वहिनीचं दुसरं वेड मोटारसायकलचं. असोद्याच्या पुढे केळीच्या बागांमधल्या वाटांवर स्कूटरची लहान चाकं रुततात, म्हणून स्कूटर बाद. आठवड्यातून दोनदा ती सातपुड्याच्या पायथ्याशी जायची. तिथल्या काही पाड्यांवर तिच्याशिवाय दुसरा डॉक्टर फिरकत नसे. मी मोठ्या उदारपणे तिला माझं जुनं रायडिंग जॅकेट दिलं, खांद्याला आणि कोपराला आतून कडक पॅड असलेलं. बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत आल्या. तिने सवयीने टेप काढली. "थोडं ढगळ आहे, पण चालून जाईल," असं म्हणत मी हसून ती टेप पर्समध्ये परत टाकायला लावली. पुढे एकदा धुळ्याला जाताना पारोळ्याजवळ खडीवरून तिची गाडी घसरली. कोपर रस्त्यावर घासलं, सात टाके पडले. पॅड मात्र खाली मनगटाकडे उतरून नव्यासारखं कोरं राहिलं होतं.

दादा कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "दसऱ्यापर्यंत अंगाला बसेल असं जॅकेट मिळालं तर ठीक. नाहीतर गाडी विकायची आणि ऑफिसातलं टेबलावरचं काम मागून घ्यायचं." वहिनी भांडेल असं मला वाटलं होतं. पण पडल्यापासून खडी दिसली की ती उतरून गाडी ढकलत न्यायची. तिने कबूल केलं आणि ती टेप घेऊन दुकानं पालथी घालायला निघाली.

सगळीकडे तिचा एकच प्रश्न असे, "हे कोणाचं माप घेऊन शिवलंय?" जळगावातला एक दुकानदार बिचारा म्हणाला, "मॅडम, लेडीजच आहे. ही गुलाबी पट्टी दिसत नाही का?" वहिनीने टेप लावली. खांदे पुरुषाचे, बाह्या पुरुषाच्या, छातीला चेन लागेना. "हे पुरुषाचंच आहे. फक्त लाजलंय," ती म्हणाली. हातमोज्यांची टोकं रिकामी लोंबत होती, तर त्यांनी ब्रेक कसा दाबायचा, हेही तिने त्याला विचारून घेतलं. मोबाइलवरच्या मापांच्या तक्त्यात तिची कंबर एका साइजची निघाली आणि छाती त्याच्याही दोन साइज पुढची. "म्हणजे मी दोन बायका आहे," असं म्हणून तिने मोबाइल माझ्याकडे दिला. मग जरा वेळाने म्हणाली, "भाऊजी, माप घेतल्याशिवाय मी म्हशीलासुद्धा सुई टोचत नाही. माझं माप मात्र कोणीच घेतलेलं नाही."

शेवटी कोणीतरी धुळ्याचे एक नाना सांगितले. ते मोटारसायकलींच्या सीटची कव्हरं शिवत, जाड कापडावर त्यांचा हात बसलेला. मीही सोबत गेलो. माप घ्यायचं म्हटल्यावर नाना दोन पावलं मागे सरले. "ताई, बायासनं माप मी लेत नई. मापनं बलाऊज लई या."

वहिनीने मापाचं ब्लाउज दिलं. नानांनी इमानदारीने शिवलं. आठ दिवसांनी नानांच्या दुकानात जॅकेट हातात आलं तेव्हा त्याची उंची ब्लाउजाएवढी होती, बाह्या कोपराच्या वर संपत होत्या आणि पुढे चेनच्या जागी हुक होते. कोपराचे पॅड लावायला जागाच उरली नव्हती, म्हणून नानांनी ते वेगळे पिशवीत बांधून दिले होते. आम्ही पोट धरून हसलो. वहिनीही हसली, मग तिने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. दसरा आठवड्यावर आला होता.

तरी तिने ते अंगात घालून पाहिलं. "खांदा बसलाय," ती हळूच म्हणाली. मग तिचं कुतूहल जागं झालं. "नाना, सीटचं माप कसं घेता?"

"गाडीवर मानूस बसाडीसन," नाना म्हणाले. "रिकामी सीटनं माप खोटं निंघस." एवढं बोलून ते स्वतःच थबकले आणि त्यांनी घरात हाक मारली, "अक्का, भाईर ये. टेप धर."

वहिनी दुकानासमोर आपल्या गाडीवर हँडल धरून बसली. नानांच्या बायकोने, म्हणजे अक्कांनी, टेप लावून आकडे सांगितले आणि नानांनी भिंतीकडे तोंड करून ते लिहून घेतले. वाकून बसल्यावर पाठ लांबते आणि बाही चार बोटं वर सरकते, हे कळल्यावर तिघंही इतकी खूश झाली की रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नवं जॅकेट आलं. वहिनीने आमच्या दाराच्या चौकटीवर तीनदा कोपर आपटून पाहिलं. तिन्ही वेळा आवाज पॅडचा आला. दुसऱ्या दिवशी दादाने गाडीला झेंडूची माळ घातली.

आता तिची बदली शिरपूरकडे झाली आहे. ती सणावारालाच येते, आणि घरात मोजल्याशिवाय आणलेल्या वस्तू वाढत चालल्या आहेत. तिची फार आठवण येते. जाताना तिने माझं जुनं जॅकेट धुऊन, घडी करून परत दिलं. परवा मी ते घालून आरशासमोर उभा राहिलो. पॅड माझ्या कोपरावर अगदी नेमकं बसलं. खडीने फाटलेली जागा, जिथे वहिनीचं कोपर होतं ती, मात्र चार बोटं वर, माझ्या दंडावर आली. मी पडलो असतो तर माझं कोपर साधं खरचटलंही नसतं. मला लाज वाटली, आणि मी चार बोटं ठेवून ती जागा पुन्हा एकदा मोजली.