घरमालकांच्या डब्या

चोर शिरेल म्हणून दाराला कडी घालणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण चोर आला तरी चालेल, वारा मात्र आत आलाच पाहिजे, असं म्हणून बारा महिने दारंखिडक्या सताड उघड्या ठेवणारा माणूस सबंध यवतमाळ जिल्ह्यात एकच असावा, आणि तो माझा घरमालक होता. टपाल खात्यातल्या नोकरीत बदली होऊन मी पुसदला आलो तेव्हा कापसाचे फार वाईट दिवस चालू होते. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. खोली पाहायला गेलो तर घरमालक, ज्यांना सगळे काका म्हणत, भाड्याचं काही बोललेच नाहीत. मला आपादमस्तक न्याहाळून त्यांनी विचारलं, "बिडी-सिगरेट ओढता काय?" मी नाही म्हणालो. "थंडीत खिडकी लावून झोपाची सवय?" मी चाचरत म्हणालो, "थोडी आहे." "मंग ते मोडा लागन," असं म्हणून त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक लहानशी प्लास्टिकची डबी काढली आणि स्टुलावर चढून माझ्या होणाऱ्या खाटेच्या वर, छताच्या कडीला दोऱ्यानं टांगली. ही डबी तीन महिने हलवायची नाही, तिच्याखाली उदबत्ती लावायची नाही आणि तिच्यावर ओला टॉवेल वाळत घालायचा नाही, एवढ्या तीन अटींवर मला ती खोली मिळाली.

काका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते, आणि निवृत्त झाले तरी प्रयोगशाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. भाजीत मीठ घालताना ते चमचा डोळ्यांसमोर धरून त्याची पातळी बघत. फार पूर्वी कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी घराघरांतला रेडॉन नावाचा वायू मोजायचं काम काढलं होतं; डब्या टांगायचं आणि उतरवायचं काम काकांकडे होतं. पुढं प्राध्यापक नागपूरला गेले, काम थांबलं, आणि उरलेल्या फिल्म व डब्या एका बिस्किटाच्या डब्यात काकांच्या घरी आल्या. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळं समजावलं. "हे पाहा भाऊ, जमिनीत, दगडात कणभर युरेनियम सगळीकडंच असते. त्याच्यापासून हा वायू निंगते. त्याले रंग नाई, वास नाई. फरशीच्या भेगीतून घरात येते. मोकळ्यावर उडून जाते, पन कोंडलेल्या खोलीत साचते. वर्सानुवर्स छातीत गेला तं फुप्फुसाचा कॅन्सर कराची त्याची ताकद आहे. अन् घरात बिडीचा धूर असला तं मंग इचारूच नका."

तीन महिन्यांनी डबी उतरली की आतली फिल्म कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ठेवायची, धुवायची, आणि मग कॉलेजातून मागून आणलेल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर उमटलेली टिंबं मोजायची. एकेक टिंब म्हणजे त्या वायूचा एकेक ओरखडा. हे मोजणं रविवारी सकाळी चाले. एकदा मी त्यांना चहा घेणार का विचारलं आणि त्यांची मोजणी चारशेच्या पुढं कुठंतरी चुकली. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच चहा घेऊन आले आणि म्हणाले, "माझंच चुकलं. रविवारी मी मानसात नसतो."

माझी स्कूटर आल्यावर त्यांचा मुलूख वाढला. सुटीच्या दिवशी मी पुढं आणि काका मागं, मांडीवर डब्यांची पिशवी, असे आम्ही आसपासच्या गावांतून फिरू लागलो. लोक ऐकून घेत, पाणी देत, आणि मनातून घाबरत. घरात किती कापूस दडवला आहे हे सरकारला कळवणारं यंत्र आहे, अशी एका गावात वदंता उठली आणि तिथल्या सगळ्या डब्या एका दिवसात परत आल्या. एका म्हातारीनं डबीला हळदकुंकू वाहून वाहून फिल्म पार पिवळी करून टाकली. काकांनी ती फिल्मही इमानदारीनं धुतली. बहुतेक घरांचे आकडे कमी यायचे. "आपल्या इकडं काळा दगड, त्याच्यात हे कमीच असते," असं ते सांगत, पण सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नसे. मला वाटायचं, म्हातारा कुठंतरी जास्त आकडा शोधतो आहे.

एका तांड्यावर एक घर होतं. भाव मिळत नाही म्हणून त्या लोकांनी सगळा कापूस घरातच भरून ठेवला होता. मागची एकुलती एक खिडकी त्या ढिगाच्या पलीकडं बुजली होती, आणि ढिगाच्या पायथ्याशी घरची माणसं झोपत होती. काकांनी खिडकी उघडायला सांगितलं. घरची बाई म्हणाली, "मास्तर, खिडकी उघडली तं कापूस भिजते. अन् हा कापूस कधी इकाचा, ते आधी तुमच्या डबीले इचारून सांगा." जमलेली माणसं हसली. काका हसले नाहीत. त्यांनी सदरा काढून दाराला अडकवला आणि ओंजळीनं, मग कवेनं कापूस एका बाजूला सारायला सुरुवात केली. पासष्टीचा माणूस. थोड्या वेळानं ती बाई मुकाट्यानं त्यांच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि तीही सारू लागली. दुपार कलली तेव्हा खिडकी मोकळी झाली. परत येताना त्यांच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकले होते आणि ते सारखे खोकत होते. वाटेत त्यांनी मला स्कूटर थांबवायला सांगितली, खाली उतरले आणि बांधावर बसून म्हणाले, "आमच्या घरी बी असंच होतं, भाऊ."

काकूंविषयी ते माझ्याशी त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. त्या फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेल्या होत्या. आयुष्यात त्यांनी बिडी ओढली नव्हती, तंबाखू खाल्ली नव्हती. बिडी काका ओढायचे, तीसेक वर्षं, घराच्या मधल्या खोलीत बसून. त्या खोलीला खिडकी नव्हती, फक्त एक झरोका होता, आणि शेतातला कापूस तिथं रचला की दवानं भिजू नये म्हणून ते झरोक्यात पोतं कोंबत. प्राध्यापकांच्या कामात एक डबी त्यांनी गंमत म्हणून आपल्या मधल्या खोलीतही टांगली होती. सगळ्या यादीत तिचा आकडा सर्वांत वर आला. "सरांनी सांगतलं होतं मले, झरोका मोकळा करा, फरशीच्या भेगी भरून घ्या. मी हो म्हनलं. अन् कापूस होता म्हनून ठेवलं तसंच. त्याच खोलीत तुमची काकू झोपे." भुवयांतला कापूस निपटत म्हणाले, "मले एवढंच कळाले पाह्यजे, का ते कशानं गेली. त्या वायूनं, का माह्या बिडीनं."

मीच म्हटलं, प्राध्यापकांना विचारू. पत्र मी लिहून दिलं. महिन्याभरानं उत्तर माझ्याच टपालकचेरीत आलं, आणि जेवणाच्या सुटीत मी ते घेऊन घरी गेलो. काकांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता; सूक्ष्मदर्शकाला एक डोळा पुरे, पण हातच्या अक्षराला पुरत नसे, म्हणून मीच वाचलं. प्राध्यापकांनी मायेनं लिहिलं होतं. हजारो माणसांची जोखीम किती वाढली ते शास्त्राला सांगता येतं. एका माणसाच्या आजाराचं कारण त्यातून वेगळं काढता येत नाही. बिडीचा धूर, कोंडलेली खोली, जमिनीतला वायू, सगळं मिळून धोका वाढतो, आणि कधीकधी यातलं काहीही नसताना हा रोग होतो.

काकांनी मला शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. मग पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "म्हनजे मी सुटलो बी नाई, अन् सापडलो बी नाई."

पुढच्या रविवारी सूक्ष्मदर्शक कपाटातून बाहेर आला नाही. मी घाबरलो. पण संध्याकाळी ते अंगणात माझ्याजवळ येऊन बसले आणि एकदम म्हणाले, "तिले पेरू लय आवडे. बिया दातात अडकल्या का दिवसभर माह्यावरच चिडे." बांधावरच्या त्या दिवसापासून तोवर काकूंच्या छातीत किती पाणी झालं, कोणत्या तारखेला किती काढलं, हे सगळं मला तोंडपाठ झालं होतं, त्या हसायच्या कशा, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते काही ना काही सांगू लागले. सिनेमाला गेल्या की शेवट मोठ्यानं सांगून टाकायच्या. पालीला घाबरायच्या, विंचवाला नाही.

वर्षभरानं माझी बाभुळगावला बदली झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी विचारलं, "काका, शेवटी काही बोलल्या का त्या?" "बोलाले दम नव्हता. माह्या तळहातावर बोटानं लिहे. लिहाले मीच शिकवलं होतं तिले, लग्न झाल्यावर. एक दिवस लिहिलं, 'जेवून घ्या.'" त्यांनी आपला तळहात समोर धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर एक अक्षर हळूच गिरवलं. "ज उलटाच काढला होता. तो तिले कधीच जमला नाई."