बिजाचा गिलास आणि लपवलेली सुई

मला शुगर आहे हे कळलं तेव्हा घरात आधी सगळे हसलेच. सासूबाई म्हणाल्या, "इच्या अंगावर मास नाई, इले कुठची शुगर? ते तं लठ्ठ लोकाईले होते."

त्या उन्हाळ्यात मी खरोखरच काडीसारखी झाले होते. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. तहान अशी लागायची की तांब्याभर पाणी पिऊनही जीभ कोरडीच. मी अंगणवाडी सेविका आहे, आरमोरीपासून आत एका गावात. दुसऱ्यांची लेकरं वजनकाट्यावर ठेवण्यात माझे महिने जातात. एक दिवस गरोदर बायांच्या काट्यावर सहज उभी राहिले आणि घाबरून उतरले. आरोग्य केंद्राच्या सिस्टरनं बोटातून थेंब घेतला, मशीनकडे पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी मला गडचिरोलीला पाठवलं.

हे सोबत होते. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मीही 'हे' म्हणते, तर तसंच लिहिते. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की तुमच्या शरीरात इन्सुलिनच तयार होत नाही, गोळ्यांनी भागायचं नाही, रोज सकाळ-संध्याकाळ सुई घ्यावी लागेल.

"किती महिने जी?" यांनी विचारलं.

"कायमची."

परतीच्या एसटीत हे खिडकीबाहेर पाहत बसले. गाव जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "कायमची म्हणजे का? डाक्टर लोक काईबी सांगतेत."

आमच्या घरी सुई म्हणजे शेवट. सासरे गेले त्याआधी त्यांना दवाखान्यात सुया टोचल्या होत्या, सासूबाईंच्या डोक्यात तेच बसलेलं. मी पोटाची चिमूट धरून सुई घ्यायला लागले की त्या पदर तोंडाला लावून अंगणात जायच्या. आणि भात. आम्ही धानाच्या मुलखातली माणसं, घरच्या शेतातल्या बांधीचा तांदूळ दोन्ही वेळा शिजतो. मी ताटात भात मूठभर घेऊन ज्वारीची भाकर वाढून घेतली, तर सासूबाईंना वाटलं मी त्यांच्या हातचं टाकून देते आहे.  माझी पाठ वळली की ताटात आणखी एक वाटी भात पडलेला असायचा, वर वरण. मायेनंच वाढलेला. मी तो बाजूला सारायची आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची नाही.

यांनी मात्र मनावर घेतलं. कुरखेड्याकडच्या जंगलातल्या एका वैदूचं नाव कुणीतरी सांगितलं होतं. हे मोटारसायकलनं तीनदा तिकडे गेले. तिसऱ्या खेपेला लाकडाचा एक गिलास घेऊन आले, बिजाच्या, म्हणजे बिबळ्याच्या झाडाचा. त्यात रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी ते चहासारखं लाल होतं, ते उपाशीपोटी प्यायचं. यांनी तो गिलास दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"मी नवस बोललो आहे," ते म्हणाले. "तुही सुई सुटेपर्यंत खर्रा नाई खाणार."

लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती. त्या वीस वर्षांत मी हजारदा म्हटलं असेल, तो तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा. सुटला नव्हता. आता सुटला होता, माझ्यासाठी. मी गिलास घेतला. सुई बंद करते, असंही मी म्हणाले.

आणि खरंच बंद केली. तीन दिवस. चौथ्या दिवशी अंगणवाडीत पोषण आहार वाढताना हात उचलेना. ओकारी आली. पर्समधल्या मशीननं आकडा दाखवलाच नाही, नुसतं इंग्रजीत 'हाय' लिहून आलं, म्हणजे मोजता न येण्याइतकी जास्त. माझी मदतनीस वाकून बघत म्हणाली, "हाय म्हणून राह्यली का वं मशीन तुमाले?" तिला हसू आलं. मलाही आलं. मग मी पर्समध्येच पडून असलेली इन्सुलिनची बाटली काढली, कपाटामागे जाऊन सुई घेतली, आणि डोक्यावरून पदर घेऊन तिथंच बसून राहिले.

त्या दिवसापासून माझी सुई चोरीची झाली. अंगणवाडीत एका मडक्यात ओली वाळू भरून त्यात बाटली गार राहावी म्हणून पुरून ठेवायची. सकाळची सुई तिथं घ्यायची आणि लगेच डबा खायचा. संध्याकाळी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यातून घरी आणायची आणि न्हाणीत कडी लावून घ्यायची. रोज पहाटे यांच्यासमोर गिलासातलं तुरट, लाल पाणी प्यायचं. हे समोर उभे राहून शेवटच्या घोटापर्यंत बघायचे.

दोन महिन्यांनी रक्त तपासलं. आकडा चांगला आला. येणारच होता.

हे त्या कागदाची घडी शर्टाच्या खिशात घेऊन गावभर फिरले. पानठेल्यावर, गिरणीवर, पारावर. "सुई-बिई काई नाई, नुसतं झाडाचं पाणी." कुणाकुणाला वैदूचा पत्ताही दिला. रात्री जेवताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की माझ्या तोंडात घास फिरत राहिला. सांगायला हवं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्यांच्या दातांवरची लाली उतरून दात स्वच्छ दिसू लागले होते, आणि मला वाटलं, असू दे. माझ्या आजाराचं खरं काय ते मला माहीत आहे, तेवढं पुरे.

पुरे नव्हतं.

नणंदेच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा ठरला, ब्रह्मपुरीकडे, नणंदेच्या घरी. पाहुणे गडचांदूरहून यायचे होते, बारापर्यंत पोचतो म्हणाले होते. मी सकाळी नणंदेच्या न्हाणीत सुई घेतली, बशीभर पोहे खाल्ले आणि कामाला लागले. बारा वाजले, एक वाजला. पाहुण्यांची गाडी वाटेत बिघडली होती. घरच्या बायका पाहुण्यांच्या आधी जेवत नाहीत, हे कुणाला सांगावं लागत नाही. माझ्या पर्समध्ये बिस्किटं होती, पण पर्स होती नवरीच्या खोलीत, आणि ती खोली साजशृंगारासाठी आतून बंद.

दीड वाजता गाडी आली. मी पाय धुवायला पाणी देत होते तेव्हा तांब्या हातातून सुटला. ओठांभोवती मुंग्या आल्या. मानेवरून घाम वाहायला लागला, गार घाम. मला कळलं. दवाखान्यात सांगितलं होतं, असं झालं की साखर खा, विचार करत बसू नका.

मी घरामागच्या अंगणात, सांदवाडीत गेले. तिथं मांडवाखाली स्वयंपाक चालला होता. एका परातीत बुंदीचे लाडू रचलेले. मी एक उचलला. तोंडापर्यंत नेला असेल नसेल.

"वैनी!" नणंद दारात उभी. ती धावत आली आणि तिनं माझ्या मुठीतून लाडू काढून घेतला, लेकराच्या हातून माती काढावी तसा. "का करून राह्यल्या तुमी? भाऊ सांगत होता शुगर उतरली म्हून. पुन्हा चढवता का?"

मला बोलायचं होतं. मी सुई घेतली आहे, मला गोड द्या, एवढंच. पण जीभ जड झाली होती, शब्द तोंडात येऊन लोळागोळा होत होते. मी पुन्हा परातीकडे हात नेला. तेवढ्यात हे आले. त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. जोरात नाही, मायेनं.

"नाई," ते म्हणाले. "इतक्या दिवसाची मेहनत आहे तुही. आता काऊन मातीत घालतेस? थोडा जीवाले आवर घाल."

मला त्यांचा चेहरा आठवतो. त्यात राग नव्हता. माझ्यावर जीव असलेला माणूस माझे हात धरून उभा होता, आणि त्या हातांतून मला सुटता येत नव्हतं. आजूबाजूच्या बायकांपैकी कुणीतरी म्हणाली, "गोडाची हाव लय वाईट राहते." मग मांडवाचं कापड एकदम खूप पांढरं दिसलं.

नंतरचं मला नीट माहीत नाही. भान आलं तेव्हा तोंडात पाकाची चव होती आणि एका जाड, भाजलेल्या डागांच्या बोटानं कुणीतरी माझ्या हिरड्यांवर पाक चोळत होतं. पुऱ्या लाटायला आणलेली स्वयंपाकीण होती ती, पन्नाशी उलटलेली. माझं डोकं तिच्या मांडीवर होतं.

"हटा सगळे," ती ओरडत होती. "हवा येऊ द्या. घाम थंडा आहे इचा, दिसत नाई का तुमाले? साखर कमी झाली इची, जास्त नाई."

"पण इले तं शुगर..." नणंद रडवेल्या आवाजात म्हणाली.

"तुमी चूप राहा बाई."

मी बसायला लागल्यावर तिनं मला ग्लासभर साखरपाणी पाजलं, मग वरण-भात कालवून दिला. त्या दिवशी पाहुण्यांच्या आधी जेवलेली मी एकटीच.

परत येताना वाटेत एका पुलावर मी यांना गाडी थांबवायला सांगितली. आणि सगळं सांगितलं. मडकं, वाळू, न्हाणीची कडी, सगळं. हे कठड्याला टेकून ऐकत होते. 

"म्हणजे मी गावभर खोटं सांगत फिरलो," ते म्हणाले.

मी मरता मरता वाचले होते, आणि हे असं म्हणत होते. मला राग यायला हवा होता. पण त्यांना लागलं होतं ते खरं होतं, आणि लावणारी मी होते. आम्ही गाडीवर बसलो. घरी आलो. तिसऱ्या दिवशी त्यांच्या गालात पुन्हा खर्रा दिसला.

नातेवाइकांत ती गोष्ट वेगळीच पसरली. साक्षगंधात मामींनी लाडू चोरला आणि चक्कर येऊन पडल्या, अशी. प्रत्येक लग्नाकार्यात कुणीतरी हसत हसत गोडाचं भांडं माझ्यापासून दूर सरकवतं. सुरुवातीला मी समजावून सांगायची. साखर वाढतेही आणि उतरतेही, उतरली की जास्त घातक. लोक मान हलवतात. मग विचारतात, "पण मंग खायचं कशाले?"

सुई आता मी घरातच घेते. हे त्या वेळी उठून गोठ्याकडे जातात. भांडण नाही, अबोला नाही. बाकी सगळं बोलतो, धानाचं, पावसाचं, सासूबाईंच्या गुडघ्याचं. फक्त माझ्या शरीरात दिवसभर जो हिशेब चाललेला असतो, किती खाल्लं, किती चालले, आता हात थरथरतो तो थंडीनं की कशानं, तो मी एकटीच करते. भरल्या घरात, चुलीपाशी, सगळ्यांच्या मध्ये बसून.

त्या स्वयंपाकिणीला मी शोधून काढलं. आरमोरीचीच निघाली. आठवडी बाजाराच्या दिवशी बसस्टँडच्या बाकावर आम्ही चहा घेत बसलो, माझा बिनसाखरेचा. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं त्या दिवशी?

"माह्या घरच्यालेबी शुगर होती," ती म्हणाली. "सुई घेत होता. एक दिवस शेतातून आला आनं असाच घामानं भिजला. गूळ दे म्हणे. आमी नाई देला. गूळ कसा द्यायचा? मीच डब्बा वर ठेवला, त्याच्या हाताले येऊ नाई म्हून." तिनं चहा खाली ठेवला. "मंग सांगतलं दवाखान्यात, गूळच द्याले पायजे होता म्हून. उशीर झाल्यावर."

मी तिचा हात धरला. त्या तासाभरात मला एकही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी उशीर का म्हणून विचारलं, मी म्हटलं, बाजारात गर्दी होती. यांना सांगावं असं फार वाटलं. पण ते ऐकताना यांना आपलेच हात आठवले असते, माझे हात धरलेले. मी नाही सांगितलं.

आता महिन्याच्या माता-बैठकीत आहाराचं बोलून झालं की मी पाच मिनिटं जास्त घेते. घरात कुणी सुई घेत असेल, आणि त्याला अचानक घाम सुटला, तो बरळायला लागला, तर आधी साखर द्या, मग विचारा. मागच्या बैठकीत मी त्यांना लाडवाची गोष्ट सांगितली. एका बाईला असं झालं होतं, म्हणून. घरच्यांनी हात धरून ठेवले होते, म्हणून.

तान्हं लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या एकीनं विचारलं, "कोन होती जी ते बाई?"

"आहे एक," मी म्हणाले. "तुमच्या ओळखीची नाई."