पाचव्या विश्वस्तासाठी मागितलेली खूण

देव प्रार्थना ऐकतो यावर माझा विश्वास आहे. आमचं विश्वस्त मंडळ कधी काही ऐकतं यावरचा मात्र पार उडाला होता. रामनगरजवळ आमच्या चर्चच्या मंडळीचं एक लहानसं वसतिगृह आहे. जंगलातल्या वाड्यांवरच्या मुली तिथं राहून शिकतात. ते चालवायला आम्ही पाच विश्वस्त होतो. त्यातले एक वारले. उरलेल्यांत अध्यक्ष आमचे पाळकसाहेब, चिटणीस मी आणि आणखी दोघं. अडचण अशी, की पाळकसाहेब ठराव वाचतात तोही प्रार्थनेच्याच सुरात. सवयीनं आमचे डोळे मिटतात, वाचून झालं की सगळे आमेन म्हणतात, आणि ठराव मंजूर होतो. असंच डोळे मिटून आम्ही मुलींचे संडास कुंपणाच्या पार टोकाला, गवे उतरतात त्या अंगाला बांधून बसलो. अंधार पडला की एकही मुलगी तिकडं फिरकायची नाही.

त्यात पाळकसाहेबांचं हृदयाचं दुखणं निघालं. बेळगावच्या डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन करा म्हणून सांगितलं, पण साहेब हट्टाला पेटले. पाचवा माणूस नीट पारखून नेमल्याशिवाय मी हलणार नाही, म्हणाले. "माझं काही बरंवाईट झालं, तर तुम्ही वसतिगृहसुद्धा आमेन म्हणून विकून टाकाल." राग आला मला, पण खोटं काय होतं त्यात? माणूस शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. इकडं साहेबांना चार पावलं चालली तरी दम लागत होता. त्यांचा जीवच कुणी माझ्या हातात दिल्यासारखं झालं होतं. मी देवापुढं अक्षरशः रडलो.

माझ्या मनात गुंद गावचे एक बागायतदार होते. आमच्याच मंडळीतले, बोलायला गोड, कुणाला नाही म्हणून कधी दुखवायचे नाहीत. त्यांना विचारायला म्हणून वसतिगृहाची जुनी जीप काढली. गुंदचा चढ चढून माथ्यावर पोचता पोचता तिनं वाफ सोडली आणि मान टाकली. तिथं बसल्या बसल्या मला पवित्र शास्त्रातला अब्राहामाचा चाकर आठवला. धन्याच्या मुलासाठी मुलगी शोधायला गेला आणि विहिरीपाशी त्यानं देवाकडं खूण मागितली, जी मला पाणी देईल आणि माझ्या उंटांनाही पाजेल तीच तू नेमलेली. माझ्याकडं उंट नव्हते, जीप होती. मी म्हटलं, प्रभू, जो मला पाणी देईल आणि जीपलाही देईल तोच आमचा पाचवा विश्वस्त. बागायतदारांचं फाटक पलीकडच्या उतारावर थोडं खाली दिसत होतं. देवाला सोपं जावं म्हणून मी जीप उताराला सोडून बरोबर त्या फाटकासमोर नेऊन उभी केली.

बागायतदार बाहेर आले. माझा हात हातात घेतला, कोकमाचं सरबत पाजलं. जीपचं म्हटल्यावर, गडी संध्याकाळी येईल, तो बघेल, असं म्हणाले आणि माझ्यासाठी सुंदर प्रार्थना करून आत गेले. खूण अर्धी झाली होती. उरलेली अर्धी देवानं सोडून द्यावी म्हणून मी घासाघीस करत होतो, तेवढ्यात रस्त्यानं कळशी घेऊन मार्थाअक्का आली.

मार्थाअक्का म्हणजे गुंदची निवृत्त मास्तरीण. संडासाचा ठराव झाला त्या सभेला ती आली होती आणि आमेन व्हायच्या आत उठून, पोरी रात्री तिकडं जायच्या कशा, असं विचारून मोकळी झाली होती. प्रार्थनेत मध्येच बोलते म्हणून सगळ्यांनी तिला खाली बसवलं होतं. तिला बघताच, देवा, हिला सोडून कुणीही चालेल, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं लगेच पाणी दिलं नाही. निघताना जीपचं पाणी बघितलं होतंस काय, इंजन निवलं काय, एकटाच का आलास, पाळकांचं ऑपरेशन अजून का थांबलंय, सगळं विचारून घेतलं. मग जीपला पाणी पाजलं. उरलेलं माझ्यापुढं धरून म्हणाली, "आता तू पी. उत्तरं देऊन घसा वाळला तुझा." मी प्यालो. खूण पुरी झाली होती. तिला विश्वस्त होण्याबद्दल विचारलं, तर तेव्हाही ती हो म्हणाली नाही. बघू म्हणाली आणि जीपमध्ये चढून बसली.

संध्याकाळी पाळकसाहेबांच्या घरी सगळे जमलो. साहेबांनी धापा टाकत, नेहमीच्याच सुरात, मार्थाअक्काला विश्वस्त नेमावं असा ठराव वाचला. आमचे डोळे मिटले.

"थांबा," मार्थाअक्का म्हणाली. "आधी हे उद्या दवाखान्यात जाणार काय न्हाई ते सांगा. न्हाईतर मी न्हाई."

साहेब म्हणाले, वसतिगृहाचं सगळं मार्गी लागू दे, मग बघतो.

"वसतिगृह देवाचं हाय न्हवं?" ती म्हणाली. "मग तुम्ही का धरून बसलाय?"

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मभर ते आम्हाला हेच शिकवत आले होते. त्यांना हे सांगणारं कुणी भेटलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, जीपचं पाणी दोनदा बघून, मी त्यांना बेळगावला नेलं. आणखी थोडे दिवस गेले असते तर हातात काही उरलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

साहेब बरे होऊन आले. संडास आता वसतिगृहाला लागून आहेत. मी अजूनही देवाकडं खूण मागतो, पण फाटक कुठलं ते त्याचं त्याला ठरवू देतो. माझ्या मनासारखं त्यानं केलं नाही याबद्दल रोज त्याचे आभार मानतो. साहेब बरे झाले म्हणून देवाचे आभार मानायला ठेवलेल्या उपकारस्तुतीच्या दिवशी त्यांची प्रार्थना लांबतच चालली, आवाज थकत आला, पण थांबवणार कोण?

"साहेब, डॉक्टरांनी जास्त बोलू नका म्हटलंय," मार्थाअक्का म्हणाली. "आमेन."

तिच्या तोंडून तो शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकला. मग सगळेच आमेन म्हणालो, डोळे उघडे ठेवून.