आईनं सोडलेलं सीताफळ

दौलताबादच्या रस्त्यानं पडेगाव मागं टाकलं की पावसाळा सरता सरता सीताफळांच्या पाट्या दिसू लागतात. आई बरोबर असली की तिथं गाडी थांबवणं माझ्या जिवावर यायचं. ती पाटीपाशी उकिडवी बसायची, डोळे उघडलेली फळं हलक्या हातानं निवडायची. घरी येऊन माझ्या लेकीला भरवायची आणि लगेच हात धुऊन टाकायची. बोटसुद्धा चाटायची नाही. सीताफळ तिनं काशीला सोडलं होतं.

माझी दोन गरोदरपणं अर्ध्यातच संपली, त्यानंतरची ही गोष्ट. करमाडच्या बायकांबरोबर ती काशीला गेली. तिथं आवडतं फळ कायमचं सोडायची रीत आहे. बाकीच्या बायका हुशार. कुणी कवठ सोडलं, कुणी फणस, जो आमच्याकडं एरवीही कुणाच्या घरी येत नाही. आईनं सीताफळ सोडलं आणि त्याचं पुण्य लेकीच्या पोटाला लागू दे म्हणाली. पुढं मला मुलगी झाली.

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. संचित, प्रारब्ध, क्रियमाण दरवर्षी फळ्यावर लिहिते. आईलाही शिकवायला गेले. "अगं, ज्याचं कर्म त्यालाच भोगायचं असतं. तुझं पुण्य मला कसं मिळेल? खा बरं एक."

"व्हय, तुझ्या पुस्तकात नसंल," ती म्हणाली. "पर मी नेम मोडला अन् पोरीला काय झालं, तर पुस्तक धावून येणार हाय का?"

मी हसायची. माझं म्हणणं बरोबर होतं असं आजही वाटतं. पण त्या बरोबर असण्यानं तिच्या तोंडात एक घास काही गेला नाही.

आई गेली. गेल्या पितृपक्षात करमाडला भावाकडं तिचं पान वाढलं. हंगाम नुकता लागत होता, तरी मी शोधून फळं नेली आणि सगळ्यात चांगलं तिच्या पानावर ठेवलं. वहिनी म्हणाली, "बरं केलं ताई. नेम काय, देहासंगंच संपतो." मलाही ते पटलं. इतक्या वर्षांनी आई सीताफळ खाणार होती.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. शहरातून स्कूटीवर निघालेय, जालना रोडला ट्रकच ट्रक आहेत, थोडा उशीर होईल. भाऊ पानाभोवती पाणी फिरवायला बसला होता. मी पटकन वाकले आणि ते फळ उचललं. मागच्या दारी जाऊन बसले तेव्हा पिकलेलं फळ मुठीत फुटून हात चिकट झाला होता. आईला ते खाऊ घालायची एवढी ओढ मला आयुष्यात कधी लागली नव्हती.

थोड्या वेळानं लेक आली. हेल्मेट काढता काढता पानाकडं बघून म्हणाली, "आजीला सीताफळ नाही ठेवलंस?"

"आजी खात नाही," मी म्हणाले.