व्याही तपासणीला येतात

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत माझ्या व्याह्यांएवढा हट्टी माणूस जन्माला आलेला नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे, फक्त त्यांच्या तोंडावर नाही. माझी मुलगी त्यांच्या घरात नांदते, तेव्हा मला जीभ आवरावी लागते. गाव त्यांचं डिंगोरे. आयुष्यभर मास्तरकी केली, निवृत्त झाले तसे एका संस्थेचे शिक्षण सल्लागार झाले, म्हणजे आमच्यासारख्यांच्या शाळा बघायच्या आणि अहवाल लिहायचे. पण हा झाला वरवरचा उद्योग. खरा उद्योग पाखरं बघायचा आणि त्यांच्यावर पुस्तकं लिहायचा. चार पुस्तकं झाली. त्यातल्या एकात माझं शिनोलीचं घर आलं, मागचा उंबर आला, उंबरावरचे हळदे आणि तांबट नावानिशी आले. दोन दिवस पहाटे उठून चहा करून देणाऱ्या माणसाचा मात्र 'एका घरी मुक्काम केला' एवढ्यावर निकाल लागला. विचारलं तर म्हणाले, "व्याही, तुम्ही काय दुर्मीळ आहात का?"

लग्नात वरबाप रुसणार, हे मी धरूनच चाललो होतो. म्हणून फेटे, आहेर, पंगतीचा मान, सगळं दोनदा तपासून घेतलं होतं. हे रुसले ते टिटवीसाठी. आमच्या मोकळ्या रानात मांडव घालायचा होता. आदल्या दिवशी सकाळी हे बघायला आले, मांडवाच्या दारापाशी ढेकळांत त्यांना टिटवीची चार अंडी दिसली आणि त्यांनी खुर्ची मागवून तिथंच ठाण मांडलं. मांडववाला काकुळतीला आला, "पावणं, खांब रवून झाल्यात वो." "मग उपट," हे म्हणाले, "तिला अंडी उचलून नेता येत नाहीत, तुला खांब नेता येतात." मांडव चाळीस पावलं सरकला, वाजंत्री वेशीवरच थोपवली, आणि माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न कुणाची झोप मोडू नये इतक्या हळू आवाजात लागलं. मानपान काय झाला असेल तर त्या टिटवीचा. आमच्या भावकीनं पुढं वर्षभर मला त्यावरून टोमणे मारले.

जेवायला बसले तर हातातला घास घेऊन अंगणात जाणार. मोटरसायकलवर मागं बसले तर खांद्यावर थाप मारून गाडी थांबवायला लावणार. तळेघरच्या चढावर एकदा मला इतक्यांदा थांबवलं, की मागून चालत आलेला एक म्हातारा आमच्या पुढं निघून गेला आणि जाता जाता "गाडी बंद पडली का राव?" अशी चौकशी करून गेला. पाखरांच्या बाबतीत त्यांचे नियम दोन. डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं. आणि एकदा जाऊन दिसलं नाही, म्हणून 'नाही' असं लिहून मोकळं व्हायचं नाही, पुन्हा जायचं. हे नियम पाखरांपुरते राहिले असते तर माझं काही म्हणणं नव्हतं.

माझी शाळा तळेघरच्या वरच्या अंगाला, एका वाडीत. मी एकटा शिक्षक, मुख्याध्यापकही मीच, पटावर एकोणीस पोरं. गेल्या वर्षी ऐन भातकापणीत त्या संस्थेचं पत्र आलं: तपासणी होणार, त्या दिवशी हजर पोरं कमी भरली तर ही शाळा खालच्या गावच्या शाळेत मिळवून टाकण्याची शिफारस जाणार. खालचं गाव म्हणजे ओढा ओलांडून दीड तासाची चाल. पोरी घरीच बसणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. तपासायला येणार कोण, तर व्याही. मी मनात म्हटलं, सुटलो. तरी धाकधूक होतीच, कारण कापणीमुळं वर्गात येत होती चार पोरं. मग मी शहाणपणा केला. पलीकडच्या वाडीतली कापणी उरकली होती, तिथली सात पोरं आणून बसवली.

व्याही आले. हजेरी मागितली नाही, फळ्याकडं पाहिलं नाही, मागच्या भिंतीला टेकून अर्धा तास पोरांकडं बघत बसले. मग मला बाहेर बोलावलं. "त्यातली सात पोरं इथली नाहीत."

"कशावरून?"

"तहान लागली की तुमची चार माठाकडं बघतात. ती सात दाराकडं बघतात."

मला लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला. निदान मी सुनेचा बाप म्हणून तरी या गृहस्थांनी काणाडोळा करायचा. त्यांनी ती सात पोरं स्वतः चालत जाऊन घरी पोचवली. आता 'चार' लिहून जातील असं वाटलं, तर म्हणाले, "उद्या पुन्हा येतो." तीन दिवस मुक्काम ठोकला. दुखऱ्या गुडघ्याला फडकं बांधून बांधाबांधानं हिंडले, एकेका पोराला विळा खाली ठेवायला लावून नाव लिहून घेतलं, पुस्तकातलं पान वाचून घेतलं. एका पोरीची आई भारा बांधता बांधता म्हणाली, "पावणं, भात झडाय लागलंय, म्हून चार दीस पोरीला हाताखाली घेतलीया. तिनं साळा सोडल्याली न्हाई. तुमी तसं लिवा." त्यांनी तसं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी एकोणीसच्या एकोणीस नावं पुरी झाली.

घोडेगावच्या बैठकीत मीही होतो. संस्थेचे साहेब म्हणाले, रकाना एका दिवसाचा आहे, तिथं चारच लिहावे लागतील. व्याही म्हणाले, "रकाना तुमचा आहे, पोरं तुमची नाहीत. चारावर मी सही करणार नाही." साहेबांनी आवाज मऊ करून सुचवलं, की मग पुढच्या वर्षी हे काम तुमच्याकडं राहील की नाही, याचा विचार करा. "तो तुम्ही करा. मला पोरं मोजायची होती, मोजून झाली." माझी छाती अशी फुगली म्हणता, पण तेवढ्यात साहेबांनी अहवालाचं शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. 'पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी शेजारच्या वाडीतली सात मुलं वर्गात बसवली होती.' मी व्याह्यांकडं बघितलं. ते शांतपणे चष्मा पुसत होते.

चारावर सही झाली नाही, शाळा राहिली. व्याह्यांचं काम गेलं. मला वरून नोटीस आली, आणि महिनाभर मी त्यांच्याशी अबोला धरला. मुलगी फोनवर म्हणाली, "अप्पा, शाळा वाचली ती त्यांच्यामुळंच ना?" त्यांनी खोटं लिहून शाळा वाचवली असती तर मी त्यांचे पाय धरले असते, खरं लिहून वाचवली म्हणून तोंड फिरवून बसलो होतो. नोटिशीला उत्तर लिहिलं: आरोप खरा आहे, पोरं मीच आणली. नोकरीच्या तीस वर्षांत असलं उत्तर मी कधी लिहिलं नव्हतं, आणि लिहून झाल्यावर जीव हलका झाला.

यंदा पुन्हा कापणी सुरू झालीय. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळं व्याह्यांना आता वर चढवत नाही, डिंगोऱ्याला ओट्यावर बसून असतात. हजेरी घेऊन मीच बांधावरून हिंडतो आणि नावापुढं लिहितो, 'शेतात पाहिले'. त्यावरून कधीतरी बोलावणं येईल. येऊ दे, मी जागचा हलणार नाही. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. धोबी आले का, खाटीक दिसला का, पाखरांचं काही विचारत नाहीत. यंदाच्या पटावरची नावं त्यांनी मागून घेतलीत, ती एकेक करून घेतात, आणि मी 'पाहिलं' म्हणेपर्यंत पुढच्या पोराचं नाव घेत नाहीत.