शालूत गुंडाळलेला प्रबंध

नाचणगावचे कापडवाले अण्णाजी आयुष्यभर एकच गोष्ट मानत आले: कापड वजनदार असलं की गिऱ्हाईक नाही म्हणत नाही. मुलगी वर्षाली एमबीबीएस झाली, पण बालरोगाच्या एमडीला पुरेल एवढा रँक आला नाही. आई म्हणाली, परीक्षाच पुन्हा दे. पण अण्णाजींनी फर्मान काढलं, "पीएचडी करून टाक. दोनदा डॉक्टर झाल्यावर जागा कोण अडवते?"

नियम तपासावा, असं काही त्यांना वाटलं नाही.

चार वर्षं वर्षालीने सिकलसेल आजाराच्या लेकरांचं रक्त मायक्रोस्कोपखाली पाहिलं. पीएचडी मिळाल्यावर सत्काराला अण्णाजींनी हट्टाने दोन शाली आणल्या. डॉक्टर दोनदा, तर शालही दोनदा. मंडपात हशा पिकला. अण्णाजींना त्या टाळ्याच वाटल्या.

मग तिने एमडीची प्रवेश परीक्षा पुन्हा दिली. यादी लागली. बालरोग हुकलं, पॅथॉलॉजी मिळालं. जागा घ्यायची की सोडायची, ते पाच वाजेपर्यंत सांगायचं होतं. अण्णाजी प्रबंध जरीच्या शालूत गुंडाळून, टोपी सावरत, मेडिकल कॉलेजच्या प्रवेश-खिडकीशी नाटकातल्या राजासारखे अवतरले. मागे कागदांची फाईल घेऊन वर्षाली.

कारकून प्रेमदासने गाठोडं न्याहाळलं. "काकाजी, पोथी काऊन आणली?"

"पोथी नाई, पोरीची पीएचडी होय. याचे मार्क जोडा अन् यादी पुन्हा लावा."

"याचे मार्क नसतात जी. जागा परीक्षेच्या रँकवर भेटते."

"चार वर्षं घातली तिनं!"

"माह्या बायकोनं बारा वर्षं सासू सांभाळली. तिले कोणं देल्ले मार्क?"

रांग खदखदली. सगळ्यात आधी वर्षालीच हसली. अण्णाजी मात्र गाठोडं मांडीवर घेऊन बाकावर बसले, ते एकदम म्हातारे दिसू लागले.

"माह्या पायी तुही चार वर्षं वाया गेली, बाई. लेकरायची डॉक्टर व्हाचं होतं तुले."

"ते भूत तुमचं होतं, बाबा. वॉर्डात लेकरू रडलं का मले घाम सुटते. मायक्रोस्कोपमधी कोणी रडत नाई."

"मंग आधी काऊन नाई सांगतलं?"

"आधी मले तरी कोठी माहीत होतं! पीएचडी केली तवा समजलं."

पाचला वीस मिनिटं असताना तिने पॅथॉलॉजीवर सही ठोकली. अण्णाजींनी टोपी काढून कपाळ पुसलं, सहीकडे दोनदा पाहिलं अन् हळूच म्हणाले, "हे तुह्या आईले तूच सांगजो. मी आज दुकानातच जेवतो."